पाण्याची ओळ

तळ्याचं नाव मी सांगणार नाही. वेरूळच्या पलीकडं, डोंगरांच्या मधे, एवढं पुरे. जन्मभर मी शाळेत भूगोल शिकवला. पोरांना नकाशावर बोट ठेवायला लावून नद्या, घाट, धरणं पाठ करून घेतली, ज्याला सापडलं नाही त्याला बाकावर उभं केलं. आणि आता निवृत्त झाल्यावर एक जागा लपवत बसले आहे. लपवण्यासारखं तिथं काही राहिलेलं नाही, हेही मला ठाऊक आहे. तरी माझ्या तोंडून ते नाव निघणार नाही. ज्या तोंडून निघायचं होतं, त्यातून ते कधीच निघून गेलं.

या आठवड्यात थंडी पडली. मुकुंदवाडीत थंडी आल्याचं मला स्वेटरवरून नाही, आवाजावरून कळतं. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा भोंगा एरवी रस्त्याच्या गोंगाटात हरवतो; पौषात तो सकाळी थेट उशाशी येतो. परवा भाजी आणायला गेले, तर कोपऱ्यावर एक बाई हुरडा विकायला बसली होती. हिरवागार हुरडा, पारदर्शक पिशव्यांत भरलेला. मी पुढं गेले, परत मागं आले, एक पिशवी हातात घेऊन पाहिली. गार लागली. हुरडा गार असतो, हे माझ्या हाताला काही पटेना. पिशवी ठेवून दिली आणि मेथीची जुडी घेऊन घरी आले.

अंगणात कडुलिंबाखाली आमची पिवळी उभी आहे. तिच्या टपावर पानांचा थर साचलाय. 'आमची' हा शब्द अजून जिभेवरून जात नाही, त्याला मी तरी काय करू.

पिवळी ही मूळची आमच्या शाळेची पोरं ने-आण करणारी गाडी. शाळेनं नवी बस घेतली, ही काढून टाकली, तेव्हा मी आणि नलूनं मिळून ती घेतली. नलू म्हणजे नलिनी. ती आमच्याच शाळेत चित्रकला शिकवायची. शिक्षकखोलीत आमच्या खुर्च्या शेजारी, डबे एकत्र, सहलीला पोरांच्या मागं पळायलाही आम्ही दोघीच. निवृत्त झालो की पोरांशिवाय सहलीला जायचं, हा बेत आम्ही पेपर तपासता तपासता कितीतरी वर्षं रंगवला होता. तंबू नको, गुडघे ऐकत नाहीत. लॉज नको, तिथल्या चादरींचा भरवसा नाही. आपलंच घर चाकांवर घालायचं आणि एखाद्या तळ्याकाठी, डोंगराच्या पोटाशी जाऊन राहायचं. आमच्या ह्यांना ही कल्पना कधीच झेपली नाही. "घर सोडून जायचं तर जा की," ते म्हणाले, "घर घेऊन कुठं निघालात?"

शहागंजातल्या रफिकभाईंनी त्या गाडीचं घर केलं. गाड्यांच्या सीटा आणि गाद्या शिवायचं त्यांचं दुकान. आम्ही जे जे सांगू त्याला त्यांचं एकच उत्तर, "हौ ताई, हो जाता." दोन बाजूंना दोन पलंग, पलंगाखाली डबे ठेवायला कप्पे, मधे शेगडीपुरता ओटा, डोक्यावर पाण्याची टाकी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. मागच्या पत्र्यावर पोरांनी कर्कटकाच्या टोकानं कोरलेली नावं होती. रफिकभाई त्यावर रंग मारायला निघाले, तशा आम्ही दोघी एकदम ओरडलो. ती नावं तशीच राहिली. गाडी ताब्यात देताना त्यांनी आम्हाला एक गोष्ट शिकवली. "गाडी खडी करे ना ताई, तो ओटे पे वाटी में पानी रखके देखो. पानी सीधा, तो नींद सीधी." आम्ही मान डोलावली आणि विसरलो. पहिल्याच मुक्कामाला, म्हैसमाळला, सकाळी उठलो तर दोघीही आपापल्या पलंगाच्या पायथ्याशी गोळा झालेल्या. तेव्हापासून गाडी थांबली की आधी ओट्यावर वाटी.

चाकांवरच्या घरात राहिलं की माणसाला थोडक्यात राहता येतं. एक पातेलं, दोन कप, एक सुरी. भांडं विसळायचं तरी पाणी मोजकंच. घरी मी स्वयंपाकघरात दिवसभर फिरत असते; पिवळीत वळलं की चहा, परत वळलं की खिडकी. गौताळ्याच्या जंगलाच्या कडेला राहिलो, भंडारदऱ्याला जाऊन आलो. डोंगर बघायला जावं लागत नाही, पडदा सरकवला की तो आपला समोर बसलेला असतो. नलू उठायच्या आधी मी चहा टाकायची. तिला उठवायची गरज पडायची नाही. आलं ठेचल्याचा आवाज आला की पांघरुणातून एक हात बाहेर यायचा, कपासाठी. तो हात मला अजून दिसतो. बाकीची नलू मी मनातून काढू शकले आहे, पण हाताचं काय करायचं ते कळत नाही.

ते तळं आम्हाला चुकून सापडलं. वेरूळहून पुढं निघालो होतो, डोंगरातला एक कच्चा रस्ता दिसला आणि नलू म्हणाली, "घाल." मी घातली. रस्ता संपला तिथं पाणी होतं, तिन्ही बाजूंनी डोंगर, आणि पाण्याच्या कडेनं ज्वारीचा एक हिरवा पट्टा. मी गाडी आणखी जवळ न्यायला गेले आणि मागची चाकं गाळात बसली. जितकी फिरवली तितकी खाली गेली.

"अवो बाई, चाकं फिरवू नगा! फिरवाल तेवढी आत जाईल!"

ज्वारीतून एक बाई आली. हातात विळा, पदर कमरेला खोचलेला, वय आमच्यापेक्षा थोडं जास्त. ही गयाबाई. पुढं आम्ही तिला गयाक्का म्हणायला लागलो. तिनं आणि तिच्या सुनेनं कडब्याच्या पेंढ्या आणून चाकांखाली घातल्या, दोघींनी मागून खांदा लावला, आणि पिवळी एकदाची कोरड्या जागी आली. मी सवयीनं ओट्यावर वाटी ठेवली. पाणी जरासुद्धा कलंडलं नाही. इतकी सपाट जागा आम्हाला तोवर कुठंच मिळाली नव्हती.

"हे काय, घर हाय का गाडी?" गयाक्कानं दारातून आत डोकावून विचारलं.

"दोन्ही," नलू म्हणाली.

"मंग चूल पेटवू नगा. आता हुरडा खाल्ल्याबिगर जायचं नाय."

तिच्या त्या पट्ट्याची गोष्ट अशी. पावसाळ्यात तळं भरतं आणि काठची जमीन पाण्याखाली जाते. दिवाळीनंतर पाणी हळूहळू मागं सरकतं आणि मऊ काळा गाळ सोडून जातं. त्या गाळात नांगर न घालता पेरतात. तिला गाळपेर म्हणतात. कागदावर ती जमीन तळ्याची, म्हणजे सरकारची. पण तळं होण्याच्या आधी ती गयाक्काच्या सासऱ्याची होती, आणि पाणी जेवढी परत देईल तेवढी ती दर साली पेरायची. तिला कोणी परवानगी दिलेली नव्हती आणि कोणी अडवलंही नव्हतं. कुणाच्या डोळ्यावर येत नव्हती म्हणून चाललं होतं. बाकी तिच्याकडं पेरायला वीतभरही रान नव्हतं.

गयाक्काच्या आगटीचा एक नियम होता. पाहुण्यानं आगटीजवळ यायचं नाही आणि कणसाला हात लावायचा नाही. जमिनीत उकरलेला खड्डा, त्यात गोवऱ्यांचा लाल विस्तव, त्यात खुपसलेली कणसं. कणीस बाहेर काढून ती ते दोन हातांत चोळायची, एक फुंकर मारायची, भुसा उडून जायचा आणि ओंजळीत हिरवे दाणे उरायचे. त्या दिवशी ती माझ्याकडं वळून म्हणाली, "हात कर." मी पर्समधला रुमाल काढून मांडीवर पसरला.

"रुमाल कशाला? हात कर म्हनलं ना."

मी तळहात पुढं केला. तिनं हुरडा त्यावर ओतला आणि मी अक्षरशः नाचले. एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून पहिल्यात. गयाक्का आणि तिची सून हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "खडूचा हात हाय माय," गयाक्का डोळे पुसत म्हणाली, "लई मऊ. व्हईल सवय." मग लसणाची चटणी आली, गूळ आला, लोटकं भरून दही आलं. तळहात लाल झाला होता आणि मी तो पुन्हा पुन्हा पुढं करत होते.

निघताना गयाक्का गाडीपर्यंत आली. दाराला हात लावून उभी राहिली.

"या परत. कवा बी या. पर येक ध्यानात ठिवा, हितं आल्याचं कोणाला सांगू नगा. चार माणसं आली की चाळीस येत्यात. मंग साहेब येतो. साहेब आला की माझी पेर बंद."

नलूनं लगेच गळ्याला चिमूट लावली. "आक्का, गळ्याची शपथ. मेले तरी नाही सांगणार."

मी नुसतं "बरं" म्हणाले. गाडी रस्त्याला लागल्यावर वाटलं, आपलं ते 'बरं' फारच कोरडं झालं. नलूसारखं काहीतरी मनापासून म्हणायला हवं होतं.

त्या हिवाळ्यात आम्ही दुसरीकडं कुठं गेलोच नाही. शनिवार आला की पिवळीत डाळ-तांदूळ, गयाक्काच्या नातवंडांना शेव-चिवडा, आणि निघालो. मला ते दिवस वेगवेगळे आठवत नाहीत, एकच लांब सकाळ आठवते. काचांवर आतून दव धरलेलं असायचं. नलू त्यावर बोटानं डोंगर काढायची आणि मग तोच डोंगर पुसून त्यातून खरा बघायची. ऊन आधी समोरच्या माथ्यावर यायचं, तिथून सावकाश उतरत पाण्यावर, आणि सगळ्यांत शेवटी आमच्या पायरीवर. पाण्यात चक्रवाक असायचे, जोडीजोडीनं, केशरी रंगाचे. त्यांचा आवाज ऐकला की गयाक्का म्हणायची, "उठले सरकारी पाव्हणे." दुपारी ज्वारीत वारा शिरला की कणसं एकमेकांवर घासायची. मी पायरीवर बसून तांदूळ निवडायची आणि नलू चित्र काढत बसायची. दोघी कितीतरी वेळ एक शब्द बोलायचो नाही. शिक्षकखोलीत इतकी वर्षं बडबड केली, तिचं सार्थक त्या गप्प बसण्यात झालं असं वाटायचं. माझ्या आयुष्यात मी इतकी निवांत कधीच नव्हते, आणि ते तेव्हाच मला कळत होतं.

एकदा सकाळी चहाचा कप हातात धरून मी नलूला म्हटलं, "बघ, पाणी मागं सरलं की जमीन माहेरपणाला आलेल्या बाईसारखी दिसते. चार महिने पाय पसरून बसणार, मग पुन्हा सासरी." नलू हसली. "छान बोलतेस गं तू," म्हणाली. तिथं आम्ही दोघीच होतो, आणि पाणी.

ज्वारी काढणीला यायच्या थोडं आधी मला एक गोष्ट दिसली. कापायला, हुरड्याला कणसं खुडायला गयाक्का शेताच्या वरच्या बाजूनं सुरुवात करायची आणि अगदी पाण्याजवळच्या ओळीला हात लावायची नाही. त्या ओळीतली कणसं भरून आलेली, टपोरी. मी विचारलं, "ही का सोडली आक्का?"

"ही ओळ पाण्याची."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? रान कोणी दिलं? पाण्यानं. मंग त्याचा वाटा नको का?" ती हे इतकं साधं बोलली की मलाच आपला प्रश्न बावळट वाटला. "पाखरं खात्यात, मासे खात्यात, ऱ्हायलं ते सडून गाळात जातं. माझी सासू सोडायची. म्या सोडते. ही कापली तर पाणी काय म्हनंल?"

पाणी काय म्हणेल, याचा विचार करणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुढं आम्ही पायरीवर बसलो की तळं त्या ओळीच्या मधूनच दिसायचं. ज्वारीची ताटं हलली की पाणी दिसे, थांबली की झाकलं जाई. नलूनं त्या ओळीची कितीतरी चित्रं काढली. तिला ती ओळ आवडते, असं मी धरून चालले होते.

माघ सरला. घरी एक दिवस सकाळी पोहे खाताना ह्यांनी फोन माझ्यापुढं धरला. "अगं, ही तुमची पिवळी ना?"

पिवळीच होती. पाण्याच्या काठी, ऊन नुकतं पायरीवर आलेलं. मग गयाक्काचे हात, कणीस चोळणारे. ते हात मी कुठंही ओळखले असते. मग डोंगर, चक्रवाक, ज्वारी. आणि या सगळ्यावर नलूचा आवाज, मुलांना गोष्ट सांगायची तसा: "पाणी मागं सरलं की जमीन माहेरपणाला आलेल्या बाईसारखी दिसते..." खाली तळ्याचं नाव, कुठून वळायचं, कच्चा रस्ता कुठं लागतो, सगळं व्यवस्थित. चित्रकलेच्या बाईनं भूगोल अगदी चोख केला होता.

माझा घास तोंडातच राहिला. पहिल्यांदा मनात आलं ते असं, की हे दुसऱ्या कुणीतरी केलं असेल, नलूचा आवाज कुणीतरी वापरला असेल. दुसऱ्यांदा पाहिलं. तिसऱ्यांदा ह्यांनी फोन हळूच काढून घेतला.

नलू संध्याकाळी स्वतःच आली. हातात पेढ्यांचा पुडा. "आधी तोंड गोड कर, मग सांगते. तुला सरप्राईज द्यायचं होतं, पण तू आधीच पाहिलेलं दिसतंय." तळ्याच्या वरच्या अंगाला एकाची पडीक जमीन होती, ती तिनं भाड्यानं घेतली होती. तिथं ती तंबू लावणार होती, राहायच्या दोन गाड्या उभ्या करणार होती, शहरातल्या लोकांना डोंगर, तळं आणि हुरडा.

"नलू, तू शपथ घेतली होतीस."

"अगं, ते आपलं बोलायचं असतं. आणि मी वाईट काय केलं? गयाक्काला काम मिळेल. तिचं भलंच होईल की."

"तिला विचारलंस?"

"विचारेन ना. ती कशाला नाही म्हणेल?"

"आणि मला?"

नलूनं पुड्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे ती सहज बोलली, आणि तिथंच माझं तिच्याशी असलेलं सगळं तुटलं. तिच्या हातून चूक झाली असती तर मी तिच्याशी भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता आणि पाचव्या दिवशी डबा पाठवला असता. पण तिला माहीत होतं. माझं 'नाही' तिला आधीपासून ऐकू येत होतं, म्हणून तर तिनं विचारलं नाही. म्हणजे त्या सकाळी, काचेवर डोंगर काढताना, माझ्या हातचा चहा पिताना, हे तिच्या मनात होतं. मी गप्प बसण्यात सुख मानत होते आणि ती गप्प बसून जागा पाहत होती.

जाताना ती म्हणाली, "शोभा, तू नुसतं छान बोलतेस. मी काहीतरी करते तरी." पेढे तिथंच राहिले. ह्यांनी एक खाल्ला आणि माझ्याकडं बघून पुडा झाकला.

परक्यानं फसवलं तर राग येतो आणि आपण चार लोकांना सांगून मोकळे होतो. आपल्या माणसानं फसवलं की ते सांगताही येत नाही, कारण सांगताना आपणच वेड्या ठरतो. आणि वाईट म्हणजे, झालेलं सगळं पुन्हा तपासायला लागतो. ती हसली ते कशाला? ती चित्रं कशासाठी काढत होती? त्या हिवाळ्यातली एकही सकाळ मला आता सरळ आठवता येत नाही. प्रत्येक आठवणीत मी थांबते आणि नलूच्या तोंडाकडं बघते. लोक म्हणतात गैरसमज असेल, तिचा तसा हेतू नसेल. मी बराच शोधून पाहिला, विश्वासघाताला दुसरा सौम्य शब्द मला मिळाला नाही.

पुढच्याच आठवड्यात मी एकटी निघाले होते, गयाक्काला सांगायला, की हे माझं काम नव्हे. कच्च्या रस्त्याच्या वळणापर्यंत पोचले. तिथून खाली तळ्यापर्यंत गाड्याच गाड्या लागल्या होत्या. गाणी वाजत होती. माझ्याच्यानं पुढं जाववेना. मी पिवळी तिथूनच वळवली. मग उन्हाळा गेला, पाऊस आला, तो रस्ता पाण्याखाली गेला.

दिवाळीच्या सुमारास मी रफिकभाईंना बोलावलं आणि नलूच्या बाजूचा पलंग काढून टाका म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. पलंगाचे बोल्ट पाहिले, गाडीखाली वाकून पाहिलं, मग हात झटकत म्हणाले, "नक्को ताई. एक तरफ का निकाले तो गाडी झुकती. वाटी का पानी कब्बी सीधा नै रहता." मग तो पलंग तसाच राहिला. आता त्यावर कांद्याचं पोतं असतं.

परवाची ती गार पिशवी हातातून जाईना, म्हणून काल मी तळ्यावर गेले. निघताना हे दारात आले. पिवळीत एक रात्रही न राहिलेला हा माणूस म्हणाला, "मी येऊ का बरोबर?" मी नको म्हटलं. मला गयाक्काशी एकटीनं बोलायचं होतं. एवढं एकच मला हवं होतं, की तिनं मला नलूपासून वेगळं ओळखावं.

वळणावर आता कमान आहे. कमानीवर लाकडी फळी, आणि फळीवर नलूच्या त्या देखण्या, वळणदार अक्षरात माझं वाक्य. माहेरपणाला आलेली बाई. मी ते शेवटपर्यंत वाचलं. तिनं एक शब्दही बदलला नव्हता.

वरच्या अंगाला पांढरे तंबू, राहायच्या दोन चकचकीत गाड्या, खेळायला झोपाळे. खाली, जिथं ज्वारीचा पट्टा असायचा, तिथं नुसता काळा गाळ, चाकांनी चेचून दगडासारखा झालेला, कडेनं तारेचं कुंपण. पाण्यापर्यंत मधे काहीच नव्हतं. त्याच्याकडं तोंड करून तंबूंसमोर खुर्च्यांची रांग मांडली होती.

आगटी तंबूंच्या मधे होती. विटांचं गोल कडं केलेलं. गयाक्का तिथं बसली होती. हिरवीगार नवी साडी, तशीच साडी पलीकडं भाकरी थापणाऱ्या सुनेला. ती कणसं फिरवत होती. आसपास लोक फोन धरून उभे होते. मी गर्दीतून पुढं झाले.

"आक्का."

तिनं वर पाहिलं. "या म्याडम. बसा तितं, खुर्चीवर."

"आक्का, मी शोभा."

"वळखलं की. पिवळी लांबूनच दिसली."

मी खुर्चीवर बसले नाही, विटांच्या कडेला उकिडवी बसले. "यंदा पेर नाही केली?"

"पेर कसली. गाड्या पार पाण्यापत्तुर यायला लागल्या. मंग साहेब आला, फोटू काढून नेले, तार ठोकली. म्हनला, हितं आता कोणीच काय करायचं नाय." तिनं विस्तवात गोवरीचा तुकडा टाकला. "तंबूवाले वर सरकले. त्यांला वर जागा हाय. म्या कुठं सरकू?"

"मग हा हुरडा?"

"इकतचा. टेम्पोनं येतो."

"आणि ती ओळ? पाण्याची?"

"ती तर पयलीच कापली. तार लागायच्या बी आधी. खुर्चीवर बसल्यावर पाणी दिसंना, म्हनले." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी कितीतरी महिने मनात घोकलेलं वाक्य बोलून टाकलं. "आक्का, मी कुणाला सांगितलं नाही. एका शब्दानं नाही. तुमच्या पेरीची शपथ."

गयाक्कानं एक कणीस बाहेर काढलं, बघितलं, परत खुपसलं. मग माझ्याकडं नीट पाहिलं. मी आल्यापासून ती तशी पहिल्यांदाच बघत होती.

"नसंल सांगितलं तुमी," ती म्हणाली. "पर म्या कशी वळखू माय, कोणी सांगितलं अन् कोणी नाय? दोघी येकाच गाडीतून उतरल्या व्हत्या."

'माय' म्हणाली. तेवढ्या एका शब्दानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, अजून आहे काहीतरी, पुसलं गेलं नाही सगळं.

तिनं कणीस काढलं, दोन्ही हातांत चोळलं, फुंकर मारली. भुसा उडाला. ओंजळीत तेच हिरवे दाणे, वाफ येत असलेले. मी तळहात पुढं केला.

"हात पोळंल, म्याडम," ती म्हणाली. बाजूच्या चळतीतून तिनं एक कागदाची ताटली घेतली, माझ्या तळहातावर ठेवली आणि हुरडा तिच्यात ओतला.

ताटली चांगली जाड होती. हाताला काहीच लागलं नाही.